संकट-बीकन: घेताना, बांधताना आणि पाण्यात चालू करताना

मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात आम्ही पोहणाऱ्या मंडळींनी आपापले बीकन, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणारी छोटी यंत्रं, एका सतरंजीवर मांडले. पाच होते. दोघांची नोंदणीच झालेली नव्हती. एकाच्या बॅटरीची मुदत उलटून गेली होती. एक दुबईहून आलेला, त्याचा कोड कुठल्या देशाचा हे मालकाला माहीत नव्हतं. पाचवा सगळ्या बाजूंनी नीट होता, पण तो कायम गाडीच्या डिकीत असतो, अगदी मे महिन्यातसुद्धा. म्हणजे भरवशाचा एकही नाही. ही सगळी काळजी घेणारी माणसं आहेत, पदरचे पैसे घालून वस्तू घेतलेली आहेत. घोळ होतो तो क्रमात, म्हणून हा लेख क्रमानेच लिहितोय.

मराठवाड्याला समुद्र नाही. पण इथून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून मालवण-तारकर्लीला डायव्हिंगला जाणारे पुष्कळ आहेत, आणि नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, कयाक किंवा होडी घालणारेही आहेत. दोन्ही पाण्यांत मदत मागायची रीत वेगळी आहे. नाथसागराचं शेवटी स्वतंत्र सांगतो.

१. हाक कुणाला मारायची, ते आधी ठरवा

बीकन हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या यंत्रांसाठी वापरतो आणि पहिली चूक दुकानातच होते.

पहिलं यंत्र पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. तो ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश उपग्रहांकडे पाठवतो. ही कोस्पास-सारसॅट नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. भारतात हा संदेश बंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या मिशन कंट्रोल सेंटरला पोहोचतो आणि तिथून शोध-बचाव केंद्राकडे जातो. पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रासाठी ते केंद्र म्हणजे तटरक्षक दलाचं मुंबईचं केंद्र. मोबाइलची रेंज असो वा नसो, ही हाक पोहोचते. पण ती लांबच्या माणसाला मारलेली हाक आहे. तिथून मदत निघून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो.

दुसरं यंत्र एआयएस-एमओबी. एआयएस म्हणजे बोटी एकमेकींना आपली ओळख आणि जागा आपोआप कळवतात ती रेडिओ व्यवस्था, आणि एमओबी म्हणजे ‘मॅन ओव्हरबोर्ड’, पाण्यात पडलेला माणूस. हे जवळच्या बोटींना हाक मारतं. दर मिनिटाला आठ संदेश सोडून तुमची ताजी जागा कळवत राहतं आणि ज्या बोटीवर एआयएस रिसीव्हर आहे तिच्या पडद्यावर तुमचं चिन्ह उमटतं. पाण्याच्या पातळीवरून त्याचा पल्ला सुमारे ४ नॉटिकल मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या आसपास. बोटीचा अँटेना किती उंच आहे यावर तो कमी-जास्त होतो.

डायव्हरला सगळ्यात लवकर वाचवू शकणारी बोट म्हणजे त्याची स्वतःचीच बोट. दोन नॉट वेगाचा प्रवाह तासाभरात तुम्हाला पावणेचार किलोमीटर लांब नेतो. अशा वेळी दर मिनिटाला जागा कळवणारं यंत्र फार मोलाचं. मात्र त्यात एक मोठी अट आहे: बोटीवर रिसीव्हर हवा. छोट्या होड्यांवर तो असेलच असं धरून चालू नका.

तपासा: पैसे भरायच्या आधी डाइव्ह सेंटरला फोन करून दोनच प्रश्न विचारा. बोटीवर एआयएस रिसीव्हर आहे का? व्हीएचएफ सेट (बोटीचा रेडिओ) आहे का आणि त्यावर डीएससी (बटण दाबून जाणारा डिजिटल संकट-संदेश) चालतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर तुमच्यासाठी पीएलबी. ‘हो’ आलं तर आधी एआयएस-एमओबी, आणि तुम्ही आंग्रिया बँकसारख्या, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवरच्या जागी जाणार असाल तर दोन्ही.

ईपीर्ब हे तिसरं नाव कानावर येईल. तो बोटीचा बीकन असतो, अंगावर बांधायचा नव्हे. मच्छीमारांसाठी इस्रोने केलेलं डॅट हेही बोटीवरचंच यंत्र.

सावधान: उपग्रहावरून मेसेज पाठवणारी परदेशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन म्हणजे पीएलबी नव्हे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात वापरणं गुन्हा आहे आणि अशा यंत्रांसह विमानतळावर लोकांना अडवून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. ‘दोन्ही एकच हो’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका.

२. खरेदी करताना लेबल वाचा

आखाती देशात असलेल्या भावाकडून बीकन मागवायचा मोह आपल्याकडे फार. किंमत कमी पडते हे खरं, पण प्रत्येक पीएलबीत एका देशाचा कोड भरलेला असतो. भारताचा कोड ४१९. दुसऱ्या देशाचा कोड असेल तर तुमचा संदेश आला की आधी त्या देशाच्या नोंदवहीत तुमचं नाव शोधलं जातं. तिथे ते नसतं आणि हातातला वेळ जातो. म्हणून भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, भारताचा कोड भरलेलाच घ्या.

बीकनच्या लेबलवर १५ अक्षर-अंकांची एक ओळख असते. तिला हेक्स आयडी म्हणतात. कोस्पास-सारसॅटच्या संकेतस्थळावर हा आयडी टाकला की देश कोणता ते दिसतं. दुकानात उभं राहूनच हे करा.

सेकंडहँड घेत असाल तर आणखी एक पाहा. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारे जुने बीकन उपग्रह ऐकत नाहीत. १ फेब्रुवारी २००९ पासून ते ऐकणं बंद झालं. आजच्या पीएलबीतही १२१.५ असतो, पण तो जवळ आलेल्या विमानाला किंवा बोटीला दिशा दाखवण्यापुरता.

बॅटरीची तारीख बघा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला बीकन म्हणजे दोन वर्षं वापरून झालेली बॅटरी.

खोलीचं काय? बहुतेक पीएलबी काही मीटर ते फार तर १५ मीटर पाणी थोडा वेळ सहन करतात. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेला डायव्हर १८ मीटरपर्यंत जातो. म्हणजे पीएलबी पाण्याखाली न्यायचा तर दाब सोसणारा डबा लागतोच. काही एआयएस-एमओबी डायव्हरसाठीच बनवलेले असतात आणि झाकण बंद असेल तर खूप खोलवर जातात. तुमच्या यंत्राचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून घ्या, विक्रेत्याच्या तोंडून नको.

३. नोंदणी

एवढं सगळं सांगतोय त्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पीएलबीची नोंदणी बंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे करायची असते. नोंदणी नसलेला बीकनही संदेश पाठवतो, पण पडद्यावर दिसतो फक्त एक आकडा. माणूस कोण, सोबत किती जण, बोट कोणती, खरंच पाण्यात आहे की बीकन कपाटात पडून वाजतोय, यातलं काहीच कळत नाही.

आयडी भरताना एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. त्यात ० ते ९ अंक आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. ओ हे अक्षर कधीच नसतं, म्हणून जे गोल दिसतं ते शून्य किंवा डी. बी आणि ८ यांचा घोळ हटकून होतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, मग अदलाबदल करून परत तपासायचं.

आता संपर्काची माणसं. बीकन वाजला की केंद्र सगळ्यात आधी यांना फोन करून खात्री करतं. आपण काय करतो? आईचा नंबर देतो. आई गावाकडे, फोन चार्जिंगला लावलेला, नाहीतर शेतात रेंज नाही. बरं, फोन लागला तरी ०८० किंवा ०२२ ने सुरू होणारा अनोळखी नंबर. हल्ली फसवणुकीचे इतके फोन येतात की शहाणा माणूस असा फोन कापतोच. पलीकडचा हिंदीत किंवा इंग्रजीत ‘आपका बेटा समुद्र में है क्या?’ असं विचारू लागला तर फसवणुकीचा संशय आणखी पक्का होतो. मी हे माझ्या घरात करून पाहिलं. मित्राला नव्या नंबरवरून फोन करायला लावला. मोठ्या भावाने दुसऱ्या वाक्याला फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. त्याची काही चूक नव्हती, मीच त्याला काही सांगितलं नव्हतं.

म्हणून संपर्काची माणसं निवडताना:

• किमान दोघं द्या, वेगवेगळ्या घरातली. त्यातला एक तरी शहरात राहणारा, दिवसभर फोन उचलणारा आणि हिंदी बोलताना न अडखळणारा असावा.
• तुमच्यासोबत पाण्यात येणाऱ्या मित्राचं नाव देऊ नका. त्याचाही फोन तुमच्याइतकाच ओला असेल.
• त्यांना समोर बसवून सांगा: मी समुद्रावर असेन त्या दिवसांत अनोळखी फोन कापायचा नाही. फोन करणारा पैसे किंवा ओटीपी मागणार नाही. तो माझ्याबद्दल, बोटीबद्दल आणि सोबतच्या माणसांबद्दल विचारेल.
• माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ म्हणायचं. ‘परत आला असेल’ असा अंदाज सांगायचा नाही. त्या एका वाक्याने शोध रेंगाळू शकतो.

तपासा: नंबर बदलला, बीकन विकला, घर बदललं, की नोंदणी त्याच आठवड्यात बदला. काही बदललं नसलं तरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, उघडून बघा.

एआयएस-एमओबीला अशी नोंदणी सहसा लागत नाही. त्याचा ९७२ ने सुरू होणारा क्रमांक कारखान्यातूनच येतो. पण त्यात डीएससी असेल तर बोटीचा एमएमएसआय, म्हणजे तिच्या रेडिओचा ओळख क्रमांक, आधी भरावा लागतो. तो बोटमालकाकडून लिहून घ्या आणि बोट बदलली की नवा भरा.

४. घरची निगा

महिन्यातून एकदा सेल्फ-टेस्ट, त्याहून जास्त नको, कारण प्रत्येक चाचणी थोडी बॅटरी खाते. जीपीएसची चाचणी तर बॅटरीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येते. किती वेळा, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. चाचणीचं बटण आणि खरं बटण हे दोन्ही घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, लहान मुलांना तर आवर्जून.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन. बहुतेक पीएलबींची ठेवण्याची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आणि चालवण्याची ५५ अंश. मे महिन्यात परभणीला सावलीत ४२-४३ अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो, ते हात लावलेल्याला सांगायला नको. बीकन घरात, कपाटात, कोरड्या जागी ठेवा. प्रवासातही तो डिकीत टाकण्यापेक्षा पायाजवळच्या पिशवीत बरा.

दाबाचा डबा असेल तर त्याची ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) दर वेळी काढून पुसा. बोटाने फिरवून बघा: वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा, एक केस, एवढंही पाणी आत यायला पुरे असतं. ग्रीस नखभर लावा, रिंग नुसती चकाकली पाहिजे. मग बीकनऐवजी कोरडा टिश्यू पेपर आत ठेवून डबा एका डाइव्हला नेऊन आणा. कागद कोरडा निघाला तरच पुढच्या वेळी बीकन आत.

५. अंगावर बांधणे

दोन वर्षांपूर्वी नाथसागरावर दुपारी अचानक वारं सुटलं आणि माझी कयाक उलटली. जॅकेट अंगात होतं, जिवाला धोका नव्हता. पण शिट्टी, मोबाइल आणि बीकन हे तिन्ही एकाच वॉटरप्रूफ पिशवीत होते, आणि ती पिशवी लाटांवरून माझ्यापासून लांब लांब जात होती. जाळं टाकायला आलेल्या एका काकांनी मला वर घेतलं, पिशवीही गाठून दिली. त्यात काय आहे ते मी सांगितल्यावर म्हणाले, “यंत्र पिशवीत कशाला ठेवायलात? अंगाला बांधा की.” तेव्हापासून माझा बीकन पिशवीत गेलेला नाही.

जॅकेट घालणारे: पीएलबी जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यावर किंवा छातीजवळच्या खिशात ठेवा, दोरीने जॅकेटलाच बांधलेला. कमरेला नको, पाण्यात कंबर खाली जाते.

डायव्हर: बीसीडीच्या (हवा भरून तरंगायला लावणाऱ्या डायव्हिंग जॅकेटच्या) खिशात, बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या हुकाने) त्यावरच्या डी-रिंगला, म्हणजे धातूच्या कडीला, अडकवलेला. दोन्ही हातांपैकी कुठलाही हात तिथे पोहोचला पाहिजे. लोंबकळत ठेवू नका, तो खडकात अडकतो.

सराव: तलावात, म्हणजे पोहण्याच्या टँकवर, डोळे मिटून, हातमोजे घालून, एका हाताने. खिसा उघडा, बीकन काढा, अँटेना कसा मोकळा करायचा ते बोटांना कळू द्या, अंगठा बटणाजवळ न्या. बटण दाबायचं नाही, सीलबंद अँटेना असेल तर तोही उघडायचा नाही, फक्त चाचपायचा. अर्ध्या मिनिटात हे जमेपर्यंत करत राहा. पहिल्या दिवशी मला दोन मिनिटं लागली होती, आणि टँकमध्ये लाटा नसतात.

६. निघण्याच्या दिवशी

घरच्या संपर्काच्या माणसाला एक फोटो पाठवा: बोटीचा, रंग आणि नोंदणी क्रमांक दिसेल असा. त्याखाली चार ओळी: किती जण, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्याचा) नंबर, कुठल्या बाजूला जाणार, किती वाजता परत. परतीची वेळ उलटून एक तास झाला आणि फोन आला नाही तर त्यांनी काय करायचं हेही लिहा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्याच मेसेजमध्ये टाका.

तांडेलाला बीकन दाखवा. त्याच्या बोटीवर एआयएस असेल तर त्याच्या संमतीने टेस्ट मोडमध्ये तुमचं यंत्र लावून बघा. पडद्यावर ‘एमओबी टेस्ट’ असं उमटलं पाहिजे. उमटलं नाही तर त्या दिवशी ते यंत्र आपल्याजवळ नाहीच असं समजून डाइव्ह आखा.

सावधान: बीकन म्हणजे जॅकेट, शिट्टी, आरसा आणि एसएमबी (डायव्हर पाण्यावर उभा करतो तो फुगवायचा लांब फुगा) यांचा पर्याय नव्हे. पाण्यातलं एकटं डोकं लाटांमध्ये काहीशे मीटरवरूनही दिसत नाही. उभा केलेला नारिंगी एसएमबी बराच लांबून दिसतो.

७. पाण्यात: कशानंतर काय

वर आलात आणि बोट जवळ नाही. आता घाईने बटण शोधू नका, पण वेळही घालवू नका.

पहिलं, तरंगणं पक्कं करा. बीसीडीत हवा भरा. तरीही खाली ओढल्यासारखं होत असेल तर वेट (अंगावरची शिशाची वजनं) टाकून द्या. मास्क तोंडावरच राहू द्या.

दुसरं, साथीदाराला धरा. दोघं वेगळे झाले तर शोध दोन ठिकाणी करावा लागतो.

तिसरं, एसएमबी फुगवून उभा करा, शिट्टी वाजवा, ऊन असेल तर आरसा चमकवा, अंधारत असेल तर टॉर्च लावा. एवढ्याला दोन-तीन मिनिटं.

चौथं, बोट तुमच्याकडे वळलेली दिसत नसेल तर एआयएस-एमओबी चालू करा. आणखी थांबू नका.

पाचवं, पीएलबी. जिवाला खरा धोका असेल तेव्हाच तो चालू करायचा असतो. पण ‘अजून थोडं बघू’ म्हणत अंधार होऊ देणं ही मला खोट्या अलार्मपेक्षा मोठी चूक वाटते. बोट दिसत नाही, प्रवाह बाहेर ओढतोय, कुणी जखमी आहे किंवा दिवस कलतोय, यातलं काहीही असेल तर दाबा. बोटीवर रिसीव्हर नाही हे आधीच माहीत असेल तर चौथी पायरी सोडून थेट इथे या.

अँटेना पूर्ण उघडा, सरळ आभाळाकडे धरा. जीपीएसच्या भागावर हात ठेवू नका. बीकन पाण्यात सोडून देऊ नका. तरंगणारा असला तरी आडवा पडलेला अँटेना नीट काम करत नाही. हात दुखला तर खांद्याच्या पट्ट्यात खोचा, दोरी मात्र बांधलेलीच ठेवा.

गटात दोन पीएलबी असतील तर एकच चालू करा. दुसरा राखून ठेवा.

८. चालू केल्यावर

बंद करू नका. बॅटरी वाचवायला मध्येच बंद-चालू करणं ही बऱ्याच जणांची चूक. पीएलबी किमान २४ तास चालेल असाच बनवलेला असतो. बंद केलात तर पलीकडच्याला वाटेल की चुकून वाजला होता किंवा माणूस सुखरूप आहे. पहिला संदेश मिनिटभरात जातो. जीपीएसची जागा त्यात यायला काही मिनिटं लागू शकतात. जागा धरली की ती साधारण शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत अचूक असते. जीपीएस लागलाच नाही तरी उपग्रह सिग्नलवरूनच जागा काढतात, पण तेव्हा चूक काही किलोमीटरची असू शकते.

विमान किंवा बोट तुमच्यापर्यंत पोहोचली, तुम्हाला वर घेतलं, आणि त्यांनी ‘बंद करा’ म्हटलं, की मगच बंद.

९. नाथसागरावर क्रम वेगळा

बीकनला गोडं पाणी, खारं पाणी सारखंच. पैठणच्या पाण्यातून पाठवलेला संदेशही बंगळुरूलाच जाईल, तिथून बचाव केंद्राकडे आणि तिथून फिरून आपल्या जिल्ह्याकडे. तोवर काठावरचा मच्छीमार तुमच्यापर्यंत दोनदा येऊन जाईल. म्हणून इथे आधी शिट्टी आणि हातवारे, मग अंगावर बांधलेल्या वॉटरप्रूफ पाऊचमधल्या मोबाइलवरून ११२, नाहीतर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. रेंज नसेल आणि काठ दिसत नसेल तेव्हा पीएलबी.

नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे, वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर मोकळी जागा. काठावर झाड हललं नाही तरी मधे पाणी खवळलेलं असू शकतं. स्थानिक माणूस ‘वारं उठायलंय, वापस चला’ म्हणाला की वळा, त्याच्याशी वाद घालू नका. आणि थर्माकोलच्या तराफ्यावरून जाणार असाल तर बीकनचा विचार नंतर, आधी जॅकेट.

१०. चुकून वाजला, किंवा जुना झाला

चुकून चालू झाला तर बंद करा आणि लगेच कळवा: समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाला १५५४ वर, नाहीतर नोंदणी जिथे केली त्या केंद्राला. घाबरून गप्प बसू नका. तुमच्या एका फोनने निघालेलं विमान परत वळवता येतं.

खऱ्या प्रसंगात एकदा वापरला की बॅटरी बदलायची, तारीख शिल्लक असली तरी, आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच. घरी उघडला की पाणी आत शिरायची वाट मोकळी झाली.

जुना बीकन भंगारवाल्याला तसाच देऊ नका. गोदामात तो दाबला जातो, अँटेना सुटतो, बटण बसतं आणि कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमधून संकटाचा संदेश जाऊ लागतो. आधी सर्व्हिस सेंटरकडून बॅटरी काढून घ्या, नोंदणी रद्द करा, लेबलवरचा आयडी खरवडून टाका, मग द्या.